भांडणाचा दाखला

किल्लीवाल्याच्या हद्दपारीचा हुकूम घेऊन शिपाई दारात आला, तेव्हा किल्लीवाल्यानं त्याला आधी पाणी विचारलं. तिथंच त्याचं चुकलं.

"अर्जदार येथील समाजात मिसळल्याचे दिसून येत नाही," नागरिकत्व कचेरीतले साहेब दुसऱ्या दिवशी गंभीरपणे म्हणाले. निम्म्या गावाची अडलेली कुलपं किल्लीवाल्यानं उघडून दिली होती, लेक इथल्याच शाळेत पाढे म्हणत होती. पण साहेबांचं म्हणणं सरळ होतं. हा रांगेत उभा राहतो, बोलावलं की वेळेवर येतो, कचरा स्वतःच्याच डब्यात टाकतो. इथला माणूस असा वागतो का? निदान एखादं जुनं भांडण दाखवा, हुकूम रद्द करू. नाहीतर शनिवारी बायको-लेकीसह सीमेपार.

किल्लीवाला भांडण शोधत गावभर हिंडला. दूधवाल्याला म्हणाला, दूध पातळ आहे. दूधवाला म्हणाला, आहेच. न्हाव्याला नावं ठेवली, तर त्यानं हसून खुर्ची पुढे केली. भांडायलासुद्धा ओळख लागते. परक्यापाशी कोण तोंड वाजवणार? शेवटी बायको त्याला शेजारच्या सुईणमावशींकडे घेऊन गेली. अर्धं गाव मावशींच्या हातांवर जगात आलेलं, साहेबांसकट.

"एवढंच ना?" मावशी म्हणाल्या. "तुझा जिना माझ्या उन्हात येतो. ऊन माझ्या सासूबाईंपासूनचं आहे, म्हणजे भांडणही जुनंच."

मावशींनी कंबर कसली. किल्लीवाला हात जोडून उभा राहिला, तशा त्या वैतागल्या. असं कोणी भांडतं का, आधी माझं माहेर काढ, म्हणाल्या. त्यानं चाचरत काढलं. मग त्याला गोडी लागली. दोन दिवसांत गल्लीत दोन तट पडले, आणि आपल्याला कोणी विचारलंच नाही म्हणून रुसलेल्यांचा तिसरा. शनिवारी सगळी गल्ली एकमेकांची उणीदुणी काढत कचेरीवर धडकली. रांग मोडून सर्वांत पुढे किल्लीवाला. साहेबांचे डोळे पाणावले. शिक्का बसला.

दुपारी मावशी एकट्याच कचेरीत आल्या. भांडणाच्या भरात किल्लीवाल्याच्या लेकीला नको ते बोलून गेल्या होत्या, ते त्यांना डाचत होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "लिहून घे. मला माफी मागायचीय."

साहेबांनी चष्मा काढला.

"मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"अरे, तुझी नाळ मी कापली."

"त्या वेळी आम्हाला समज नव्हती. साक्ष ग्राह्य धरता येणार नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कोरा हुकूम पुढे ओढला.

बातमी ऐकून किल्लीवाला धावत आला. मावशींकडे पाहिलं, हुकुमाकडे पाहिलं, घसा खाकरला.

"साहेब," तो म्हणाला, "मग ते ऊन आता कोणाच्या नावावर लागणार?"

माणूस अगदी पक्का इथला झाला होता. कचेरीची तपासणी अजून चालू आहे. तुम्ही शेवटची माफी कधी मागितली होती? आठवत नाही ना? मग घाबरायचं कारण नाही. तुम्ही इथलेच.