पंगतीत न बसलेलं गाणं

आमच्या शेजारचे साळवेकाका गाणं नुसतं ऐकत नाहीत, त्याला जागेवर बसवतात. तुम्ही त्यांच्याकडे चहाला गेलात आणि एक गाणं संपून दुसरं सुरू झालं, की ते कप खाली ठेवतात, मान तिरकी करतात आणि तुमचं बोलणं हातानेच थांबवतात. तुम्हाला वाटतं, आता सुरांबद्दल काहीतरी ऐकायला मिळणार. ते म्हणतात, "हे अजून पंगतीत बसलेलं नाही." मग ते संगणकाकडे जातात आणि तुमचा चहा गार होतो.

प्रकार असा, की काकांकडे घरभर कॅसेटी होत्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या सगळ्या संगणकात उतरवल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक गाण्याचा आवाज वेगळा. एक कानाशी कुजबुजतं, तर पुढचं वारज्याच्या हायवेवरून ट्रक यावा तसं अंगावर येतं. आयुष्यभर कालव्यातल्या पाण्याची पातळी बघितलेल्या माणसाला हे सहन होईना. तेव्हापासून ते एकेक गाणं घेतात, त्याचा आवाज वरखाली करतात आणि बाकीच्यांच्या बरोबरीला आणतात. याला ते पंगत लावणं म्हणतात.

पंगतच का, असं मी एकदा विचारलं.

"लहानपणी गावात लग्न असलं की आमच्या लोकांची पंगत वेगळी बसायची, गोठ्यामागे," ते सहज म्हणाले. "निदान माझ्या घरात तरी कोणी वर, कोणी खाली नको."

तत्त्व थोरच आहे, पण ते गाण्यांपाशी थांबत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन तावातावाने बोलायला लागले, की काका हवेतल्या हवेत बटण फिरवून त्यांचा आवाज कमी करतात. मला एकदा जिन्यात थांबवून त्यांनी अगदी आदराने विचारलं, "ताई, तुमचे साहेब फोनवर बोलतात, की फोनशिवायच?" मी मूळची शनिवार पेठेतली. असं कोणी बोललं, की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

खरं सांगायचं तर काकांच्या या खुळाचा सगळ्यात जास्त फायदा मला झाला. आमची भिंत एकच. दुपारी मी आडवी होते, तेव्हा पलीकडून गाणी झिरपत येतात. पूर्वी जरा डोळा लागला की एखादी सनई दचकवून उठवायची. आता एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, ते कळत नाही. पडदा हलत असतो, ऊन फरशीवरून सरकत असतं, आणि बुवा, बाई, सतार, शाहीर सगळे मांडीला मांडी लावून गात असतात. मी जागी आहे की झोपेत, याची चौकशी मी करत नाही.

एवढी सगळी पंगत बसली, पण एक गाणं काही केल्या बसेना. ते सुमनकाकूंचं. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेकीच्या, प्रज्ञाच्या बारशाला त्यांनी पाळणा म्हटला होता, तो काकांनी कॅसेटवर उतरवून घेतला होता. आता प्रज्ञाला मुलगी झाली होती आणि तिचं बारसं आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये ठरलं होतं. नातीला आजीचा पाळणा ऐकवायचा, एवढी एकच काकांची इच्छा. पण काकूंचा आवाज इतका बारीक, की हॉलमध्ये पहिल्या रांगेलाही पोचला नसता.

बारशाच्या आधी त्यांनी मला बोलावून संगणकाच्या पडद्यावर त्या पाळण्याच्या आवाजाचं चित्र दाखवलं. गवतासारखी बुटकी रेघ लांबवर गेली होती आणि मधेच एक सुळका सरळ छताला टेकला होता.

"हा सुळका आडवा येतो," काका म्हणाले. "जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो, त्याच्या डोक्याला छत लागलं की बाकीच्यांना वर उचलता येत नाही."

मी विचारलं, ओरडलंय तरी कोण?

"मीच."

त्यांनी ते ऐकवलं. दूरवरून, भिंतीपलीकडून यावा तसा काकूंचा पाळणा. रेकॉर्डर काकांच्या मांडीवर होता, त्यामुळे तरुण काका एकदम कानात ओरडले, "सुमन, मोठ्यानं गा की जरा!" ते ओरडणं संपायच्या आतच काकू गाता गाता हसल्या, आणि पुन्हा गायला लागल्या.

मला हसू आलं. मी म्हटलं, "काका, तेवढं ओरडणं कापून टाका ना."

"ती हसते ते त्याच्यावरच आहे. कापलं तर तेही जातं. दाबलं तर तेही दबतं." त्यांनी पडद्यावरच्या बुटक्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ती वाढणारी होती, ताई. वाढणारी पंगतीत कधी बसते?"

बारशाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. त्रिशरण झालं, बाळाला पाळण्यात घातलं आणि काकांची पंगत सुरू झाली. गाणी इतकी एकसारखी वाजत होती, की कोणाचं लक्षच गेलं नाही. गप्पा जोरात चालल्या होत्या. शेवटचं गाणं आलं, तेव्हा काका उठून भिंतीवरच्या बटणांपाशी गेले आणि त्यांनी एकेक करून सगळे पंखे बंद केले. मग खिडक्या लावल्या. कोणीतरी कुरकुरलं. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

पंख्यांची घरघर विरली. घामेजलेली माणसं एकमेकांकडे बघत गप्प झाली. आणि त्या शांततेत, आधी ऐकू येतंय की भास होतोय तेच कळू नये असा, काकूंचा पाळणा आला. प्रज्ञाचा पाळण्याच्या दोरीवरचा हात थांबला, मग त्या लयीत हलू लागला.

मधेच तरुण काका ओरडले, "सुमन, मोठ्यानं गा की जरा!" सगळा हॉल हसला आणि त्यात काकूही हसल्या.

मी बटणांजवळच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. काका डोळे मिटून, अगदी तिच्याच आवाजाच्या उंचीला येऊन म्हणाले, "नको. हळूच गा."

पाळणा संपला, तरी कितीतरी वेळ त्यांनी कोणाला पंखा लावू दिला नाही.