कानिटकरांची तपासणी, थ्रू प्रॉपर चॅनल

आमच्या बेडरूमचा पंखा कानिटकरांनी होळीला खोलला. दिवाळी आली तरी तो पलंगाखालीच होता. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे यार, हो गया समझो!" दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत त्यांनी हात लावलेलं काही ना काही उघडं पडलेलं असे. एकदा जोशीकाकूंकडे सत्यनारायणाची पोथी वाचायला बसले आणि चौथ्या अध्यायात भाजीवाल्याशी भांडायला उठून गेले. प्रसादाला मात्र वेळेवर परतले.

अशा माणसाला केंद्र सरकारने सेक्शन ऑफिसर का केलं, हे सरकारच जाणे. मेट्रो नुकतीच आली होती, पण आम्ही ऑफिसला जुन्या चार्टर्ड बसनेच जायचो. कानिटकर धावत येत, चढत आणि डबा राहिला म्हणून पुन्हा उतरत.

एका रविवारी ते इंटरनेटवरून छापलेला प्रश्नांचा कागद घेऊन आले.

"एडीएचडी! लक्ष टिकत नाही, कामं अर्धी राहतात, वस्तू हरवतात. मोठ्यांनाही असतं म्हणे. आपलं आपणच तपासून बघायचं."

"तुम्हाला कागद कशाला? आमचा पंखा बघा की," मी म्हणालो.

दुसरा कुणी खुणा करून मोकळा झाला असता. यांनी रीतसर फाईल उघडली. हिरवे नोटिंगचे कागद, लाल फीत, सगळा थाट. फाईल आधी बायकोकडे अभिप्रायासाठी गेली. वहिनींनी 'लग्नापासून सहमत' असा शेरा मारून परत केली. 'लहानपणीही असंच होतं का?' या प्रश्नाशी फाईल अडली, म्हणून मिरजेच्या थोरल्या बहिणीला फोन झाला. ताईंनी तासभर पाढा वाचला. आता शेजारी म्हणून माझी सही हवी होती.

"स्वतःला ओळखायला माझी सही?"

"थ्रू प्रॉपर चॅनल गेलेलं बरं. शिवाय हे काही निदान नाही, ते डॉक्टरच करणार. शनिवारची वेळ घेतलीय."

मी सही केली आणि खाली लिहिलं, 'पंखा प्रलंबित'. कानिटकर हसले नाहीत.

"मुक्ता येत नाही रे," ते म्हणाले. मुक्ता त्यांची दहावीतली मुलगी. पेपर अर्धे टाकून येते, म्हणून शाळेने डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. "म्हणते, मी काय पागल आहे? घरात सगळे तिला वेंधळी म्हणतात. मी पण म्हणायचो. कागद तिच्यासाठीच काढला होता. वाचता वाचता त्यात मीच सापडलो."

मी फाईल पुन्हा ओढून घेतली आणि 'पंखा प्रलंबित' खोडलं.

शनिवारी बापलेक गेटपाशी दिसली. कानिटकर चक्क वेळेवर होते. मुक्ताचं तोंड फुगलेलं.

"बाबा, मी फक्त सोबत येतेय हं. बाहेरच बसणार."

"बिल्कुल. पेशंट मी आहे."

रिक्षा आली. चढता चढता ती थांबली.

"आणि त्यांनी मला काही विचारलं तर?"

"तर सांग," कानिटकर म्हणाले, "बाबांवर गेलेय."