विलायती उंदरांची खाज

मंगळवार पेठेच्या आरोग्य मंडळाची सभा रंगात आली असताना अध्यक्ष बसलिंगाप्पांच्या पोटाला खाज सुटली.

ते उंदरांवर बोलत होते. महाराजांच्या राज्यात प्लेगच्या दोन साथी होऊन गेल्या होत्या आणि घरात उंदीर दिसला की माणसं अजूनही अंथरूण-पांघरूण गोळा करून माळावर राहायला पळत. "ज्याच्या घरात उंदीर, त्यो सगळ्या पेठंचा वैरी!" असं म्हणून आप्पांनी उजवा हात वर केला आणि डावा हात कोटात घातला. थोड्या वेळानं उजवाही त्याच्या मदतीला गेला.

सभेचे चिटणीस जोतीराम किराणावाले पुढेच बसले होते. त्यांची नजर बारीक.

"आप्पा, काय चावतंय का? आणि हात का पिवळं? कुणाची हळद हाय घरात?"

वीस माणसं हसली. आप्पांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून जे जिभेवर आलं ते ते बोलून गेले.

"गादी! नवी गादी भरून घेतलीया मीरासाबकडनं. ढेकणं हायत तिच्यात."

खरी गोष्ट निराळी होती. गुळाच्या व्यापारामुळे आप्पांची एका इंजिनियर साहेबाशी ओळख होती. दोन महिन्यांपूर्वी साहेबाची बदली झाली आणि जाता जाता त्यानं आप्पांच्या हातात एक लाकडी पेटी ठेवली. आत दोन प्राणी होते, एक तांबडा आणि एक पांढरा. उंदरापेक्षा मोठे, सशापेक्षा लहान, शेपटी मुळीच नाही. साहेब त्यांना गिनीपिग म्हणाला. साहेबाला नाही कसं म्हणायचं म्हणून आप्पांनी पेटी घेतली आणि रंकाळ्यापलीकडच्या रानात सोडून द्यावी म्हणून निघाले. वाटेत पेटीत बोट घातलं तर तांबड्यानं ते हळूच चाटलं. आप्पा अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

तेव्हापासून मागच्या खोलीचं दार कायम बंद असे. दोन्ही मुलींची लग्नं झाली होती, घरात आप्पा आणि त्यांची बायको रत्नव्वा दोघंच. रोज सकाळी पूजा आटोपली की आप्पा दोघांना मांडीवर घेऊन तासभर बसत. पेठेत हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं.

मग पंधरा दिवसांपूर्वी ते दोघं खाजवायला लागले. पाठीवरचे केस झुपक्यांनी गळले, खाली लाल कातडी दिसायला लागली. आप्पांनी खोबरेल चोळलं, तर त्याला सगळी धूळ चिकटली. ताक लावलं, तर मुंग्या आल्या. शेवटी हळद लावली, तेव्हा दोघंही पिवळे झाले आणि आप्पाही. मांडीवर घ्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. त्यामुळे प्राण्यांची खाज यथावकाश त्यांच्या पोटावर येऊन पोचली.

सभेत मात्र गादी निघाली होती. जोतीराम ताडकन उठले. "ढेकणाचा कापूस विकतोय? मंडळाच्या अध्यक्षाला? ठराव करा! पिराजीला सांगून आत्ताच्या आत्ता दवंडी फिरवा!"

आप्पांनी तोंड उघडलं. 'र्‍हाऊ दे' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, म्हणून त्यांनी जांभई आल्यासारखं केलं आणि तोंड मिटलं. पुढे कधीही हा दिवस आठवला की त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या जांभईची वाटायची.

पिराजीनं हलगी बडवत चार गल्ल्यांत दवंडी दिली. दुपारपर्यंत मीरासाब पिंजाऱ्याच्या दुकानापुढे परत आलेल्या गाद्यांचा ढीग लागला. पेठ वडगावच्या एका लग्नाच्या गाद्या भरायला घेतल्या होत्या, त्यांचाही 'नको' म्हणून निरोप आला. मीरासाबनं पिंजायची धनुकली भिंतीला टेकवली, खिशात कात्री घातली आणि तो आप्पांच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे निम्मी पेठ होती.

"आप्पा, गादी आणा भाईर."

"कशाला रं उगंच? जाऊ दे की."

"आता कसं जाऊ दे? तीस वरसं गाद्या भरतोय मी. आणा भाईर, सगळ्यांम्होरं उसवतो."

गादी बाहेर आली. मीरासाबनं ओट्यावर बसून एकेक टाका कापला आणि कापूस मुठी-मुठीनं काढून पसरला. पांढराशुभ्र कापूस. ढेकूण नाही, ढेकणाचं अंडं नाही. मीरासाबच्या दाढीत कापसाचे तंतू अडकले होते. स्वतःच्याच हातानं भरलेली गादी उसवून तो तिच्या मधोमध बसला होता.

"मग आप्पास्नी चावलं काय?" जोतीरामांनी विचारलं.

त्याच वेळी आत रत्नव्वा भाजी निवडत होत्या. कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज झाला आणि हिरव्या पाल्याच्या आशेनं मागच्या खोलीतून जोरात ओरडा आला, "व्हीक! व्हीक! व्हीक!"

"उंदीर!" कुणीतरी किंचाळलं. निम्मी गर्दी कोपऱ्यापर्यंत पळाली. जोतीराम समोरच्या ओट्यावर चढले आणि तिथून म्हणाले, "आप्पा, तुमच्या घरात?"

झोपाळा कुरकुरतोय, असं सांगता आलं असतं. ते आप्पांच्या जिभेवर आलंही होतं. पण त्यांची नजर मीरासाबवर गेली आणि ते खोटं त्यांनी गिळून टाकलं. ते आत गेले, पेटी उचलून आणली आणि ओट्यावर ठेवली.

"ढेकूण न्हवतंच, मीरासाब. ह्यांच्यामुळं झालंय."

"तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हय."

"सभेत बोलताना बी?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "व्हय."

मीरासाबनं आप्पांवरची नजर काढली आणि पेटीत हात घालून तांबड्याला उचललं. कापसातली सरकी निवडणारी ती बोटं. त्यांनी केस फाकवून कातडी पाहिली.

"बारीक किडा हाय. माझ्या शेळीला असंच झालतं. ही हळद कुणी लावली?"

"मी."

"आणि ह्ये खालचं गवात? किती दिसांचं?"

आप्पांनी रत्नव्वांकडे पाहिलं. रत्नव्वा दाराआडून म्हणाल्या, "शिवशिवा! मला हात लावू देत न्हवते. मीच बघतो म्हणायचे."

"पंधरा दिवस झालं असतील," आप्पा पुटपुटले.

"पंधरा दिवस!" समोरच्या ओट्यावरून आवाज आला. "आणि आमास्नी अंगण दोनदा झाडायला लावताय व्हय?"

मीरासाबनं उपाय सांगितला. गवत जाळायचं. पेटी उन्हात टाकायची, आतून चुना मारायचा, नवं गवत रोज बदलायचं. करंजाचं तेल थोडंसं बोटावर घेऊन पाठीला लावायचं, तोंडाजवळ नाही, कारण ते चाटतात. नखं कापायची, म्हणजे खाजवून जखमा होणार नाहीत. "आणि तुमी बी लावा," तो म्हणाला, आणि कात्री खिशात घालून उठला. "आता माझं काम. दवंडी फिरली तशीच परत फिरली पायजे. पर पिराजीच्या तोंडानं न्हाय."

संध्याकाळी पिराजीनं हलगी वाजवली आणि मंडळाचे अध्यक्ष बसलिंगाप्पा डोक्याला रुमाल बांधून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले.

"ऐका हो ऐका! मीरासाबची गादी चोख हाय. बसलिंगाप्पा खोटं बोलला. त्याच्या घरात इलायती उंदीर हायत, त्येंची खाज त्याला लागली!"

"परत सांगा की," एका खिडकीतून बाई म्हणाली. "आमच्या सासूबाईला ऐकू आलं न्हाय."

आप्पांनी परत सांगितलं. दुसऱ्या गल्लीकडे वळताना पिराजी अगदी आपुलकीनं म्हणाला, "आप्पा, 'खोटं' जरा मोठ्यानं म्हणा. बरूबर तितंच तुमचा आवाज पडतोय."

तिसऱ्या गल्लीत आवाज पडला नाही. चौथ्या गल्लीत आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रुमालाच्या टोकानं पुसलं. हलगी बडवता बडवता पिराजी दुसरीकडे बघत राहिला.

गाद्या परत गेल्या, वडगावचं कामही आलं. आप्पांनी अध्यक्षपद सोडलं, आणि मंडळानं एकमतानं त्यांच्या जागी मीरासाबला बसवलं. आप्पांच्या घरातले प्राणी ठेवायचे की नाही यावर बरीच वादावादी झाली. शेवटी दर महिन्याला नव्या अध्यक्षांनी जाऊन तपासणी करावी असं ठरलं.

पहिल्या तपासणीला मीरासाब आला. जोतीराम वही घेऊन बाहेर ओट्यावरच थांबले. उंदरांच्या खोलीत पाऊल टाकायला ते तयार नव्हते. खोली सारवलेली होती, पेटी चुन्यानं पांढरी झाली होती, दोघांच्या पाठीवर नवे केस आले होते. मीरासाब समाधानानं वाकला आणि वाकलेलाच राहिला. गवतातून तीन इवलीशी डोकी वर आली होती.

"आप्पा, ह्ये काय?"

आप्पांच्या कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. "तीन आठवडं झालं. सांगणारच व्हतो. खरंच सांगणार व्हतो, मीरासाब. पर तोंड उघडायची हिंमत झाली न्हाय."

"पाच," मीरासाब म्हणाला. त्यानं त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू तळहातावर घेतलं. पिल्लानं त्याच्या अंगठ्याचा वास घेतला आणि मग तो हळूच चाटला. मीरासाबनं त्याला दाढीजवळ धरलं.

"अध्यक्ष!" बाहेरून जोतीराम ओरडले. "किती लिवू?"

आप्पांनी मान खाली घातली. "पाच सांगा. व्हायचं ते हू दे."

मीरासाबनं दाराकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि बंडीची वरची दोन बटणं सोडली.

"चार लिवा!" तो ओरडला.

दोघं बाहेर आले. मीरासाब एक हात छातीशी धरून जपून पायऱ्या उतरत होता. जोतीरामांनी वहीतून मान वर केली. "छातीत दुखतंय काय, चाचा?"

बंडीच्या आतून बारीक आवाज आला, "व्हीक!"

आणि आरोग्य मंडळाचे माजी अध्यक्ष बसलिंगाप्पा, ज्यांना त्या दिवशी सर्दीपडसं काही नव्हतं, ते खांबाला धरून मोठमोठ्यानं खोकायला लागले.