सातवी 'ब'च्या मागचा बंगला

घाटकोपरच्या टेकडीखालच्या शाळेत सातशे मुलं-मुली होती आणि मुतारी एक, तीही मुलग्यांची. मुलींची सोय गेली अकरा वर्षं विचाराधीन होती. त्यामुळे मुली दिवसभर पाणी पीत नसत आणि पाहुणे आले की त्यांच्या शिस्तीचं कौतुक करून जात. फोटोग्राफर जयवंत गावकराची उत्तरा सातवी 'ब'त होती. पाचला शाळा सुटली की ती धावत यायची, दप्तर दारात टाकायची आणि चाळीच्या संडासाकडे पळायची. महिनाभर पोरीला जळजळ होत होती. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. पाजतो हो, पण पुढे काय?

म्हणून १९८४ साली मुख्याध्यापक कर्णिक सरांनी मुलींच्या स्वच्छतागृहासाठी अनुदानाचा अर्ज केला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद जयवंताला झाला. अर्जासोबत 'विद्यार्थिनींसह परिसराचे छायाचित्र' जोडायचं होतं. त्याने सातवी 'ब'च्या मुली मैदानात उभ्या केल्या आणि फोटो काढला. मागे फुटकी भिंत, उकिरडा आणि उकिरड्यावर एक डुक्कर. फोटोत न हललेलं तेवढं एकच.

"अहो गावकर, हे डिपार्टमेंटला पाठवायचं?" सर कळवळले. "शाळेची इज्जत काय राहील?"

"पण सर, परिसर असाच आहे ना?"

"परिसर असा आहे म्हणून फोटोही असाच हवा, हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलंय?"

जयवंताने फोटोंची पेटी उघडून ब्लेड काढलं. त्याने प्रिंटमधून मुली अलगद कापून काढल्या. पेटीत मनोरीच्या एका लग्नातला फोटो होता: सात माड, कौलारू बंगला, बाजूला एक छोटी खोली. त्यावर मुली चिकटवल्या, कडा ब्रशने मिटवल्या. काम असं झकास जमलं की हात आवरेना. छोट्या खोलीच्या दारावर त्याने बारीक अक्षरांत लिहिलं, 'मुलींसाठी'. बापाचं काळीज, दुसरं काय! मग त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढला आणि सरांना दिला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. 'छायाचित्रावरून सदर सुविधा अस्तित्वात असल्याचे दिसून येते. सबब मागणी अमान्य. तसेच आवारातील सात माडांच्या उत्पन्नाचा तपशील आठ दिवसांत सादर करावा.'

वाट लागली! जयवंत डुकराचा फोटो घेऊन खात्याच्या ऑफिसात धावला. तिथले हेडक्लार्क शिवदास चौबळ. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून शांतपणे चष्मा पुसला.

"म्हणजे आधी बांधकाम होतं, आता नाही."

"साहेब, कधीच नव्हतं! मी चिकटवलं."

"बनावट कागद? मग तुम्ही आत. बांधकाम पाडलं असेल, तर मुख्याध्यापक आत. कोण जाणार ते ठरवा आणि लेखी द्या." मग जयवंताचं तोंड बघून त्यांना दया आली. "नाहीतर असं करा, हा डुकराचा फोटो तुम्ही आणलाच नाहीत. आणि आमच्या स्टाफचाही एक ग्रुप काढा. मागे ओल आलेली भिंत आहे, तिथे काश्मीर टाका."

शेवटी पालकसभेत जयवंत उभा राहिला आणि सगळं बोलून टाकलं. सही करा, आपण खरा फोटो घेऊन वर जाऊ, म्हणाला. मग सुगंधाबाई उठल्या. त्यांच्या दोन पोरी त्या फोटोत होत्या.

"भावोजी, तो फोटो मी गावाक धाडलंय. सासऱ्यान देवाबाजूक लावल्यान. आता थंय डुकर धाडू?"

एकाही पालकाने सही केली नाही. उलट फोटोच्या आणखी चाळीस कॉपींची ऑर्डर मिळाली, आणि मेल्याने ती घेतली.

वर्षअखेरीस शाळेला 'आदर्श परिसर' प्रमाणपत्र मिळालं. समारंभात आभाराचं भाषण उत्तरानेच केलं. भाषण संपल्यावर पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने बापाकडे बघितलं आणि मान हलवली.

"किती संयमी मुलगी!" पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. जयवंताने बटण दाबलं.

तुमच्याही घरात लेकीच्या वर्गाचा फोटो असेलच की. छान आला असेल. त्यात तुम्ही तिचा चेहरा शोधलात, भांग सरळ आहे का तेही बघितलंत. शाळेतून आल्या आल्या ती आधी कुठे धावते, हे मात्र तिला अजून विचारलेलं नाहीत.