गाढवा, खोली फुटात टाक

"दोनशे बारा गावं अर्ध्या तासात उरकते, सर. तुम्ही नुसतं बघत बसा."

असं धम्मप्रियानं सोमवारी सकाळी रामलिंग सरांना ऐकवलं. पहिलं वाक्य बोलून ती थांबली असती तर चाललं असतं. दुसरं वाक्य मात्र सरांच्या जिव्हारी लागलं, कारण गेली अठ्ठावीस वर्षं त्यांनी कुणाचं काम नुसतं बसून बघितलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, "बघू," म्हणाले आणि खरोखरच खुर्ची ओढून बघत बसले.

लातूरला बार्शी रोडवर दोन खोल्यांचं एक जलमोजणी केंद्र होतं. काम एकच. दर हिवाळ्यात गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींचा हिशेब मांडायचा आणि कुठल्या गावाचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल ते सांगायचं. टँकर कुठं पाठवायचे हे त्यावर ठरे. हा हिशेब करणारा प्रोग्रॅम रामलिंग सरांनी तरुणपणी स्वतः लिहिला होता आणि त्याला ते घरच्या बैलासारखं जपत. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. प्रोग्रॅम प्रत्येक गावासाठी एकेक करत बारा प्रश्न विचारी. पाऊस किती, माती कसली, विहिरीची खोली किती. सर एका बोटानं उत्तरं टाइप करत आणि शेवटी पडद्यावर जी ओळ उमटे ती वहीत उतरवून घेत. सगळी गावं संपायला तीन आठवडे लागत. यंदा टँकरची बैठक पुढच्या मंगळवारीच ठेवलेली. हातात आठवडा होता. धम्मप्रियाचं कंत्राटही त्याच महिन्यात संपत होतं, आणि ते वाढवायचं की नाही हे बैठकीनंतर ठरणार होतं.

धम्मप्रिया नांदेडची. गणितात एम. एस्सी. केलेली, कामाला चलाख. तिनं सरांच्या प्रोग्रॅमला हात लावणार नाही असं वचन दिलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. बेत साधा होता. तिनं आपला एक नवा प्रोग्रॅम लिहायचा. तो सरांच्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमला उठवेल, बाराही उत्तरं त्याच्या हातात देईल, त्यानं जे काही म्हटलं ते पडद्यावर सांडू न देता टिपून घेईल, आणि त्यातली शेवटची ओळ उचलून तक्त्यात भरेल. असं दोनशे बारा वेळा.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. म्हणजे अक्षरशः काहीच. चार तास पडदा कोरा. सर शेजारी बसून होते. त्यांनी एकदाही काही विचारलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागत होतं. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं. म्हातारा प्रोग्रॅम पहिलाच प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होता. मोटारीच्या तोंडाला पाइप लावला की पाणी अंगणात न पडता थेट टाकीत जातं, तसा त्याचा प्रश्न पडद्यावर न येता तिच्या टाकीत जाऊन पडत होता. तो चार तास विचारत होता आणि ही चार तास बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं उत्तरं आधीच भरून ठेवायची सोय केली. पुन्हा कुठं अडलाच तर एक मिनिट थांबायचं, मग त्याला बंद करायचं आणि तोवर जी शेवटची ओळ आली असेल ती घ्यायची, असाही नियम घालून ठेवला. आता आणखी एक अडचण होती. सरांच्या काळी संगणकावर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून त्यांचा प्रोग्रॅम मराठीच पण इंग्रजी अक्षरांत बोले. ते सरपंचांना कसं वाचता येणार? तिनं ती ओळ आपोआप देवनागरीत करायची युक्तीही जोडली. शिवाय तक्ता झाला की प्रत्येक सरपंचाच्या मोबाइलवर त्याच्या गावाची ओळ आपोआप जाणार, खाली 'शंका असल्यास संपर्क' म्हणून तिचा नंबर.

दहा गावं तिनं तपासून पाहिली. "पाणी एप्रिल अखेरपर्यंत पुरेल." "पाणी मे मध्यापर्यंत पुरेल." सगळं चोख. सरसुद्धा हळूच "वा" म्हणाले. शनिवारी दुपारी तिनं दोनशे बारा गावांची कळ दाबली, एकोणतीस मिनिटांत काम झाल्याचं सरांना दाखवलं आणि आईला भेटायला नांदेडच्या एसटीत जाऊन बसली.

चाकूर गेलं आणि फोन वाजला.

"मी देवणीकडच्या माळवाडीचा सरपंच गुरुपादप्पा बोलतोय," पलीकडचा आवाज अगदी शांत होता. "मॅडम, तुमचा निरोप मिळाला. ग्रामसभेत मोठ्यानं वाचला मी. चष्मा घरी ऱ्हायला होता, म्हून आधी वाचून बघितला न्हाई, सभेत दुसऱ्याचा लावला."

धम्मप्रियानं विचारलं, काही अडचण आहे का?

"अडचण काय न्हाई. वाचून दाखवतो. 'गाढवा, खोली फुटात टाक.' एवढंच हाय."

तिला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. तिनं तसं म्हटलंसुद्धा. गुरुपादप्पा म्हणाले की चेष्टा वाटली असती, पण खाली केंद्राचं नाव आहे आणि तुमचा नंबर आहे. शेजारच्या गावालाही तेच आलंय, आणि तिथला सरपंच तर मास्तर आहे. गावातली पोरं आता आपल्याला रामरामच्या जागी भलतंच काहीतरी विचारायला लागली आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मग गाडी वळणात शिरली आणि फोन कटला.

तो कटतो न कटतो तोच दुसरा आला. निलंग्याजवळच्या एका गावच्या सरपंच उमादेवी. यांचा स्वर चढलेला होता. त्यांना आलेला निरोप असा होता, "थांबा, चहा पिऊन येतो." त्यांना वाटलं, विहीर बघायला लातूरहून साहेब येणार. त्यांनी माणसं लावून विहिरीभोवतालचं गवत काढलं, काठ झाडला, पंचायतीचे सगळे सदस्य इस्त्रीचे कपडे घालून तासभर उन्हात उभे आहेत. "त्ये समदं ठीक हाय," उमादेवी म्हणाल्या. "पण चहा पिऊन येतो म्हंजी काय? आमच्या गावात चहा मिळत न्हाई का?"

अहमदपूरला एसटी थांबली तशी धम्मप्रिया उतरली आणि लातूरची गाडी पकडली. आईला फोन करून काम निघाल्याचं सांगितलं. आईनं विचारलं, कसलं काम?  सरपंचांना शिवी गेली आहे, असं आईला सांगायचं तिच्या जिवावर आलं. परतीच्या तासाभरात तिला एकोणीस फोन आले. कंत्राट वाढण्याचा विषय तिनं मनातल्या मनात मिटवून टाकला, आणि पुढच्या नोकरीच्या अर्जात हा अनुभव कुठल्या रकान्यात लिहायचा याचा विचार सुरू केला.

केंद्रात आली तर सर तिचा तक्ता उघडून बसले होते. त्यांनी मोजून ठेवलं होतं. गाढव सतरा गावांना, चहा नऊ गावांना.

"सर, हे तुमच्या प्रोग्रॅमात होतं?" तिनं विचारलं.

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग एकेक करून सांगितलं. चहाचं सोपं होतं. तेव्हाचा संगणक लवकर तापे. ज्या गावाखाली दोन थरांचा खडक, तिथला हिशेब लांबलचक, म्हणून मध्ये यंत्र गार व्हायला थांबा ठेवला होता. सर चहा पिऊन येत आणि कळ दाबत की पुढचा हिशेब सुरू. आज ती कळ दाबायला कुणीच नव्हतं. मिनिटभरानं धम्मप्रियाच्या नियमानं प्रोग्रॅम बंद केला आणि शेवटची ओळ म्हणून तो चहाच उचलला.

"आणि गाढव?"

"गाढव मी," सर म्हणाले.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका गावच्या विहिरीची खोली फुटांऐवजी मीटरमध्ये टाकली होती. चौदा मीटरची विहीर हिशेबात चौदा फुटांची झाली. पाणी फेब्रुवारीत संपणार, असं त्यांनी गावाला लिहून दिलं. लोकांनी घाबरून जनावरं बाजारात काढली. एका म्हाताऱ्यानं देवणी जातीच्या बैलांची जोडी मिळेल त्या भावात देऊन टाकली. आणि विहिरीला मे संपेस्तोवर पाणी होतं. तो म्हातारा भांडायला आला नाही. केंद्राच्या पायरीवर नुसता बसून गेला. त्या दिवशी सरांनी प्रोग्रॅमात ती ओळ घातली. खोली वीस फुटांपेक्षा कमी दिसली की हिशेब करायचा नाही, आधी आपल्याला शिवी द्यायची. अठ्ठावीस वर्षं ती शिवी त्यांनी एकट्यानंच वाचली होती.

 धम्मप्रियानं सतराही गावांना आणि नऊही गावांना माफीचा निरोप लिहायला घेतला. पण सर म्हणाले, लिहून भागायचं नाही, फोन करू. रविवारी दोघांनी मिळून सव्वीस फोन केले. उमादेवींनी माफी दिली, मात्र चहाला यावंच लागेल या अटीवर.

गुरुपादप्पांचा फोन काही लागला नाही, पण सोमवारी सकाळी ते स्वतःच दारात उभे होते. पांढरं धोतर, खांद्यावर दोराचं भेंडोळं. त्यांना बघून धम्मप्रिया खुर्चीतून उठली ती उभीच राहिली. सर पुढं झाले, हात जोडले आणि ती शिवी मुळात आपण स्वतःलाच दिलेली आहे, हे सगळ्या इतिहासासकट सांगितलं.

गुरुपादप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग स्वतःलाच पाठवायची की. सतरा सरपंच कामून गोळा केले?"

 गुरुपादप्पांनी दोर टेबलावर ठेवला. त्याला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, ग्रामसभेत सगळे हसले, मग एक जण म्हणाला की शिवी राहू दे बाजूला, पण खोली खरंच फुटात आहे का? कुणालाच माहीत नव्हतं. गुरुपादप्पांनी रागाच्या भरात त्याच संध्याकाळी विहिरीत दोर सोडून मोजली. शेहेचाळीस फूट. आणि पंचायतीनं केंद्राला कळवलेला आकडा होता चौदा. यंदा नव्या छापील अर्जात खोली मीटरमध्ये मागितली होती आणि केंद्रात कुणी तो अर्ज नीट वाचला नव्हता. जुन्या पद्धतीनं फूट लिहिणाऱ्यांचे आकडे बरोबर आले आणि अर्ज नीट वाचणारे सतरा जण गाढव ठरले.

"म्हंजी चूक तुमची," गुरुपादप्पा म्हणाले.

"आमचीच," सर म्हणाले.

"बरं झालं. आता चहा सांगा."

दुपारपर्यंत उरलेल्या सोळा गावांचेही आकडे आले, सगळे दोर सोडून मोजलेले. चिडलेला माणूस किती काटेकोर मोजतो हे धम्मप्रियानं तेव्हा पाहिलं. एकानं तर इंचही कळवले होते. चहावाल्या नऊ गावांसाठी सर स्वतः संगणकापुढं बसले आणि कळ दाबत राहिले. मंगळवारच्या बैठकीत तक्ता गेला. कुणाच्याच गावाचा रकाना रिकामा राहिला नाही, आणि बैठकीतल्या साहेबांनी इतकी नेमकी खोली कशी मिळवलीत म्हणून विचारलं. सर म्हणाले, लोकांशी थेट बोललो. धम्मप्रियाचं कंत्राट आणखी वर्षभरासाठी वाढलं.

पुढच्या महिन्यात पाण्याची पातळी मागवायची होती. या वेळी धम्मप्रियानं प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घातली, सरांनी दोनदा वाचली आणि दोनशे बारा गावांना निरोप गेला, "माननीय सरपंच महोदय, कृपया आपल्या गावच्या विहिरीची पाणीपातळी फुटांमध्ये कळवण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती."

आठ दिवसांत तीन उत्तरं आली. दोन जणांनी सुप्रभात लिहून गुलाबाचं फूल पाठवलं होतं. तिसरं गुरुपादप्पांचं होतं.

"माय, लई अदबीनं लिहिलंस. आमच्यावर रागावलीस का?"