नळासमोरचं कॅलेंडर

संडासातल्या हात धुवायच्या नळानं तीन आठवडे टिपटिप लावली होती आणि विट्झेला ती आवडायला लागली होती, हीच खरी अडचण. एका थेंबापासून दुसऱ्या थेंबापर्यंत त्याच्या मनातल्या कालव्यातून एक होडी संथ निघून जाई, मग आणखी एक. शेवटी दाराबाहेरून बायको विचारी, "आत आहेस, की गेलास वाहून?"

गुरुवारी बहिणीकडे लेवार्डनला निघताना हिल्केनं बजावलं, "डुर्क प्लंबरला बोलव."

"डुर्क कशाला? एकतीस वर्षं कालव्यावरचा अख्खा पूल बोटींसाठी उघडला आणि मिटला मी. हा तर बोटभर नळ."

"पुलाला बटण होतं, विट्झे. शनिवारी दुपारी येते मी. आणि कॅलेंडरला धक्का लावू नकोस."

ते वाढदिवसांचं कॅलेंडर नळासमोरच्या भिंतीवर होतं. फ्रीसलंड प्रांतातल्या बाकीच्या घरांसारखं संडासातच. पुढचा वाढदिवस कुणाचा, हे निवांत वाचायला दुसरी जागा कुठली? त्यावर ना वार, ना वर्ष, त्यामुळे एकच आयुष्यभर पुरतं. हिल्केनं ते लग्नाच्या वर्षी टांगलं होतं आणि चौतीस वर्षांत निळ्या शाईनं सगळं गणगोत त्यावर येऊन बसलं होतं. तिनं आजवर एकाचाही वाढदिवस चुकवला नव्हता. तिचा सगळा अभिमान त्या एका खिळ्यावर होता.

विट्झेनं सगळं शिस्तीत केलं. पाना आणला, फडकं अंथरलं, पाणी बंद करायला जिन्याखाली वाकला. तिथं दोन कॉक होते, एक घराचा, एक बागेचा. नेमकी तेव्हाच खिडकीतून तपकिरी शिडांची एक जुनी नाव जाताना दिसली. ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडेच बघत त्यानं कॉक फिरवला, तो निघाला बागेचा.

नळ भिंतीतून सुटून त्याच्या हातात आला आणि पाण्याची धार समोर जाऊन कॅलेंडरवर आदळली. विट्झे बघतच राहिला. मे महिन्यातली शाई सुटून जूनमध्ये उतरली, जून जुलैत मिसळला. पहाटे तळं असंच हळूहळू निळं होत जातं. किती सुरेख, असं त्याच्या मनात आलंसुद्धा. मग लक्षात आलं, की ते निळं पाणी म्हणजे हिल्केची आत्या आहे.

खरा कॉक बंद होईपर्यंत सगळे नातेवाईक एक झाले होते. त्यानं नळ कसाबसा परत बसवला. तो आता दुप्पट गळायला लागला. मग मुकाट्यानं डुर्कला फोन केला.

"स्वतः हात घातलास ना?" डुर्कनं विचारलं.

"थोडासा."

"शनिवारी दोनला येतो."

नवं कॅलेंडर मिळालं, जुन्याच खिळ्यावर टांगलंही, पण नावं कुठून आणायची? विट्झेच्या डोक्यात तारखा नव्हत्या, बोटी होत्या. साडूचा मुलगा झाला त्या दिवशी धान्याची बोट पुलाखाली अडकली होती, म्हणजे नऊ मार्च. अशी चार नावं लागली. उरली अठरा. हिल्के यायच्या आत ती भरायलाच हवी होती. शेवटी त्यानं पुतणीला फोन लावला.

"येट्स्के, सहज केला गं फोन. तू... किती तारखेची?"

"काका! माझा वाढदिवस विसरलात?"

"छे! खात्री करून घेतोय. आणि हे बघ, काकूला यातलं काही बोलू नकोस."

पलीकडे ती खुदकन हसली. "कळलं हं काका, सगळं कळलं."

त्यानंतर बाकी सगळ्यांचे फोन एंगेज. जो तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता.

शनिवारी दोनला बेल वाजली. डुर्क असेल म्हणून विट्झेनं दार उघडलं, तर केक घेऊन येट्स्के. "अभिनंदन काका!" तिच्यामागे चुलतभाऊ, शेजारी, आत्या. "अभिनंदन, विट्झे!" जो येईल तो हात मिळवून हेच म्हणे. नळाची बातमी गावभर झाली वाटतं, विट्झेच्या मनात आलं, करा चेष्टा! खुर्च्यांचं गोल रिंगण झालं. डुर्क हत्यारांची पेटी घेऊन आला आणि तोही म्हणाला, "अभिनंदन!"

"अरे, तू तर नळ अजून बघितलासुद्धा नाहीस!"

"आज नाही बघत. वाढदिवसाच्या घरी मी पाना काढत नाही," म्हणत डुर्क केक घेऊन रिंगणात बसला.

"कुणाचा वाढदिवस?"

एवढ्यात दार उघडून हिल्के आत आली आणि अख्खं रिंगण उभं राहून गायला लागलं. इथल्या रीतीनं बायकोच्या वाढदिवशी अभिनंदन नवऱ्याचंही करतात, हे विट्झेला तेव्हा आठवलं आणि 'काकूला बोलू नकोस'चा येट्स्केनं काय अर्थ घेतला होता, तेही उमगलं. दरवर्षी ती स्वतः केक भाजायची. तो टेबलावर दिसला, की विट्झेला तारीख कळायची.

कॉफी झाली तसे पाहुणे एकेक करून संडासात जाऊ लागले आणि येताना गालात हसू लागले. सगळ्यात शेवटी हिल्के गेली. ती खूप वेळ बाहेर आली नाही. विट्झे थेंब मोजत बसला, पण आज एकही होडी आली नाही.

बाहेर आल्यावर ती त्याच्याजवळ वाकली. "जुनं गेलं?"

"वाहून गेलं. चुकलं माझं, हिल्के."

तिनं डोळे पुसले. "नवं भरलंय. ज्यानं त्यानं आपापलं नाव लिहिलंय, येट्स्केनं पुढे फूलही काढलंय. एकच चौकोन रिकामा आहे. आजचा."

"तिथं तू कधी लिहिलंच नव्हतंस."

"आपल्या घरी आपलं नाव आपण नसतं लिहायचं. चौतीस वर्षं पेन तिथंच टांगलंय, विट्झे."

तो उठला. आत जाऊन कडी लावली आणि त्या चौकोनात मावेल तेवढ्या मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहिलं. शाई ओली होती आणि नळाचे शिंतोडे थेट तिथवर उडत होते. म्हणून त्यानं नळाखाली तळहात धरला आणि शाई वाळायची वाट बघत उभा राहिला. बाहेर रांग लागली.

"विट्झे!" डुर्कनं दार वाजवलं. "आवर लवकर!"

"थांबा जरा," आतून आवाज आला. "पूल उघडलाय."

आणि पूल उघडलाय म्हटल्यावर ती सगळी माणसं बोट जाईपर्यंत थांबायच्या सवयीनं निमूट उभी राहिली.