सासऱ्यांच्या शेतात जगाचा अंत

जगाचा अंत मी एका रविवारात उरकणार होतो. सकाळी दहाला सासुरवाडीला पोचायचं, दुपारी पृथ्वी नष्ट करायची आणि दिवेलागणीच्या आत जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी! वीस वर्षं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये काढलेल्या माणसाला यात अवघड काय? नवरदेवाचे तीन-तीन मामा रुसलेली लग्नं शूट केलीत मी. त्यापुढे पृथ्वीचा विनाश म्हणजे किरकोळ कार्यक्रम!

आणि खरं सांगू का, मला जगाशी काही देणंघेणं नव्हतं. मला हितेंद्रची जिरवायची होती.

हितेंद्र म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोच्या, मोहिनीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. धुळ्याला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. गेल्या दिवाळीत या गड्याने मोबाइलवरच चौदा मिनिटांचा भुताचा विनोदी सिनेमा काढला आणि नेटवर टाकला. चार लाख लोकांनी पाहिला! चार लाख! फोकस नाही, लाइट नाही, भुताच्या पायात रबरी चप्पल! तरी चार लाख!

लोकांचं मी सोडून दिलं असतं. पण मोहिनीने तो सात वेळा पाहिला. चप्पल यायच्या आधीच ती हसायला लागते. आणि माझी वीस वर्षांची कामं?

"तुमच्या सगळ्या कॅसेटांमध्ये लोक जेवतच तर असतात!" असं म्हणते.

अंगाचा तिळपापड झाला माझा. "हितेंद्रभाऊंपेक्षा तुमचं भारी झालंय," एवढं एकच वाक्य मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी आख्खं जग बुडवावं लागलं तरी माझी तयारी होती.

गोष्ट मीच लिहिली. साल दोन हजार नव्वद. जग संपलंय. एकच माणूस उरलाय, म्हणजे मी. त्याला ढिगाऱ्यात एक व्हीआर चष्मा सापडतो. तो डोळ्यांवर चढवला की जुनं जग दिसतं. माणसं, गर्दी, हसणं. आणि मग हळूहळू कळतं, की चष्म्यातले मेलेले लोक याला आत ओढताहेत! आहे की नाही अंगावर काटा? भुताच्या चपलेवर हसणाऱ्यांची बोबडी वळली असती!

खर्च जवळजवळ नाहीच. प्लास्टिकचा, आत मोबाइल अडकवायचा चष्मा बाजारात मिळाला. उद्ध्वस्त पृथ्वी सासऱ्यांकडे फुकट होती. चुडामण आबांचं फैजपूरजवळ शेत आहे. अर्ध्यात केळी, अर्ध्यात कपाशी. केळीची काढणी झालेली, वाळकी पानं लोंबताहेत, खोडं अर्धी कापलेली. जग संपल्यावर यापेक्षा वेगळं काय दिसणार? वेषभूषा म्हणून मी फाटका रेनकोट घातला आणि वरून केळीची सुकी पानं बांधली.

"जावाईबापू, बुजगावनं झालं तुमचं!" आबा कौतुकाने म्हणाले.

कॅमेऱ्यावर गिरधर. लग्नांत वीस वर्षं माझ्यासोबत. माणूस इमानी, पण सांगितलं तेवढंच करणारा. त्याला मी दोनदा बजावलं, "हितेंद्रसारखे तुकडे जोडायचे नाहीत. पाऊण तास एका दमात शूटिंग! काहीही झालं तरी कॅमेरा बंद करायचा नाही!"

"काहीही झालं तरी?"

"जग बुडालं तरी!"

चष्म्यात दाखवायला जुनं जग हवं होतं. मोबाइलमध्ये यावलच्या एका लग्नातली पंगत होती, तीच लावली. कानात हेडफोन, आवाज फुल. अभिनय खरा यायचा तर दिसायलाही खरंच पाहिजे ना! चष्म्यामुळे विहिरीत पडायला नको म्हणून मोहिनीने माझ्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक लिंबाच्या झाडाला अडकवलं. वासरासारखा दिसत असणार मी, पण कलेसाठी हेही सोसलं.

राहता राहिला धूर. जगाचा अंत आणि धूर नाही? बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, वाळलेल्या काड्यांचा, ढीग होता. चार वाजता मी स्वतःच्या हाताने तो पेटवला, चष्मा चढवला आणि ओरडलो, "गिरधर, चालू कर!"

इथे माझं चुकलं. जळगावात राहून राहून मी एक गोष्ट विसरलो होतो. पौष महिना, दुपार टळलेली, शेतात पऱ्हाट्यांचा धूर. आमच्या भागात याचा अर्थ एकच होतो, शेतात गावजेवण आणि धूर दिसेल त्याला आमंत्रण. भरीत!

मला काय माहीत! मी दोन हजार नव्वद सालात. हात पुढे करून मी केळीच्या खोडांना धडकत होतो. समोर यावलची पंगत, वाढपी पळताहेत, कानात कल्ला.

"या पृथ्वीवर कोणी उरलंय का?" मी आर्त स्वरात विचारलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी कल्ला वाढल्यासारखा वाटला. मग भाजलेल्या वांग्याचा वास आला. मी थक्क झालो! विज्ञान केवढं पुढे गेलं! एवढ्याशा चष्म्यात वाससुद्धा! यावलच्या लग्नात तर वांगं नव्हतंच! माझ्या तोंडाला खरंच पाणी सुटलं, आणि अभिनय अधिकच चढला.

"मी एकटा आहे! या विराण जगात मी एकटाच आहे!" मी हंबरडा फोडला. "कोणी आहे का? कोणीतरी ओ द्या!"

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. थंडगार, ओला हात!

मी जी किंकाळी फोडली, तिच्यासारखी किंकाळी मला पुन्हा जमायची नाही. दोरीचा हिसका बसून मी पाठीवर पडलो, चष्मा निघाला, हेडफोन सुटले. समोर शेजारच्या मळ्यातले धनसिंगभाऊ, हातात धुतलेल्या वांग्यांची पिशवी.

"आहे ना भो! एकटे कशाले म्हनता? बठ्ठं गाव येऊ राह्यलं! धूर दिसला म्हून मी घरचेच वांगे घेऊन आलो."

मी मान वळवली. उद्ध्वस्त पृथ्वीवर साठ-सत्तर माणसं मांडी घालून बसली होती! माझ्या धुराच्या आगीत माझ्या सासूबाई सुगंधाबाई वांगी उलटीपालटी करत होत्या. चार बायका पुऱ्या लाटत होत्या, आबा पाण्याचा ड्रम भरत होते.

"आई, हे काय? इथे जगाचा अंत चाललाय!"

"तो चालू द्या तुमचा," सासूबाई हात न थांबवता म्हणाल्या, "पन धूर पाहून आलेल्या मानसाले उपाशी कसं धाडू?"

मी गिरधरकडे पाहिलं. त्याने कॅमेरा बंद केला नव्हता. पण पंगत दिसल्यावर वीस वर्षांची सवय जाते थोडीच? हा कॅमेरा खांद्यावर घेऊन ओळीने जेवणाऱ्यांना दाखवत होता! प्रत्येकाचं पान, प्रत्येकाचा घास! "काका, इकडे बघा. काकू, जरा पुरी उचला!"

"गिरधर!"

"चालूच आहे साहेब! जग बुडालं तरी बंद करणार नाही!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. मी धनसिंगभाऊंना विचारलं, "पण हे भरीत कशानिमित्त, ते कोणी विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? आबांच्या धुयाच्या जावायाचा शिनेमा गाजला ना! त्याचंच भरीत!"

माझ्या शेतात, म्हणजे सासऱ्यांच्या शेतात, माझ्या धुरावर, हितेंद्रचं भरीत! आणि कोणीतरी त्याला फोनही केला होता. तो नेमका भुसावळला पाहुण्यांकडे आलेला. अर्ध्या तासात मोटरसायकल हाणत हजर! आला तो थेट माझ्या गळ्यातच पडला. डोळ्यांत पाणी.

"साडूभाऊ, मन्हाकरता इतलं बठ्ठं कसाले कयं तुम्ही!"

हे सगळं मी त्याच्यासाठीच केलं, असं त्याला वाटलं! आबांनी लगेच गावातून टॉवेल-टोपी मागवली. टाळ्या पडल्या. मी त्याच्याशेजारी उभा, अंगावर केळीची पानं, कमरेला दोरी. निदान चुकून तरी एखादी टोपी माझ्या डोक्यावर येईल म्हणून थोडा पुढे सरकलो, तर गिरधर म्हणाला,

"साहेब, बाजूला व्हा ना! सत्काराच्या फ्रेममध्ये येताय!"

दुसऱ्या दिवशी मी ते शूटिंग पुसून टाकायला बसलो. पाठीमागे मोहिनी कधी उभी राहिली, कळलंच नाही. आधी खुसखुस, मग पदर तोंडात, मग चक्क खाली बसून हसायला लागली. मी "विराण जगात एकटाच आहे" म्हणून रडतोय आणि मागे सत्तर माणसं पुऱ्या मोडताहेत, हे तिने चार वेळा मागे घेऊन पाहिलं. चार वेळा!

मी पुसलं नाही. तसंच नेटवर टाकलं.

आठ दिवसांत नऊ लाख! हितेंद्रच्या दुप्पट आणि वर लाख! धुळ्याहून त्याचा फोन आला, आवाज जरा पडलेला. "भलतं भारी शे, साडूभाऊ," म्हणाला. त्या पडलेल्या आवाजाने मला भरतापेक्षा जास्त तृप्त केलं.

मग मी निवांत प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. "आजींनी वांग्यात मिरची किती घातली?" "आजींना पुढच्या व्हिडिओत कळण्याची भाकरी करायला सांगा." "मधे मधे चष्मेवाला माणूस येतो, तो काढून टाका."

सध्या परिस्थिती अशी आहे. सुगंधाबाईंचा स्वतःचा चॅनेल निघालाय. दर रविवारी त्यांच्या शेतात शूटिंग. कॅमेऱ्यावर गिरधर, आणि पऱ्हाट्यांचा धूर नीट वर जावा म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठे हलवायला दोघे जावई. धूर डोळ्यांत जातो म्हणून मी तो व्हीआर चष्मा लावून बसतो. हितेंद्रनेही परवा तसलाच घेतला.

पण माझं ते एक वाक्य अजून राहिलंच होतं. काल धीर करून मोहिनीला विचारलं, "खरं सांग. हितेंद्रपेक्षा भारी झालंय ना?"

तिने मोबाइलमधून मानही वर केली नाही. आईचं मेथीच्या भाजीचं शूटिंग तिसऱ्यांदा बघत होती.

"हो, त्यांच्यापेक्षा भारीच आहे," ती म्हणाली. माझी छाती फुगायला लागली, तोवर पुढचं आलं, "आईचं!"